पटवारीणबाईंचा बिगोनिया

एप्रिल अर्धा सरला की आदिलाबादेत एक दिवस असा येतो, की सकाळी आठला दाराची कडी हाताला चटका देते. त्या दिवशी मी घरातल्या कुंड्या जागच्या हलवते. पश्चिमेच्या खिडकीतल्या कुंड्या मधल्या खोलीत आणते, तिथल्या होत्या त्या मोरीजवळ ठेवते, खिडकीवर ओला बारदाना बांधते. तो वाळत आला की शिंपडते. बारदान्यातून गाळून आलेल्या हवेला ओल्या गोणपाटाचा, जरासा कुबट, जरासा गोड वास येतो. तो वास आला की मी मनानं बोथला, माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी, जाते. नव्वद सालच्या थोड्या आधीचा एक उन्हाळा तिथं अजून तसाच आहे, आणि त्यातला माझा रागही.

लोक म्हणतात, झाडं सांभाळली की मन निवतं. खरं आहे, निवतं. पण मी झाडांजवळ गेले ती मन निववायला नाही. मी गेले ती सूड घ्यायला.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. बोथच्या एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. नेरडीगोंड्याकडच्या आमच्या गावाहून मायला घेऊन आले आणि पटवारीणबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बाईंचे यजमान पूर्वी पटवारी होते. पुढं पटवारक्या गेल्या, यजमानही वारले, पण गावानं बाईंचं नाव बदललं नाही. शेती भरपूर, घर मोठं, माणसं कमी. आम्हाला खोल्या दिल्या त्या मी सरकारी नोकर म्हणून. नाही तर आम्ही कोण, कुठल्या वस्तीतले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं वावर आमच्या गावाला लागून होतं, आणि माय त्यात सात वर्षं निंदायला, सरकी टोबायला, म्हणजे बी मातीत लावायला, जात होती. त्यामुळे मागचं दार आमचं, पुढचं दार त्यांचं, आणि पुढच्या व्हरांड्यात आम्ही पाय ठेवायचा नाही, हे कुणी न सांगता ठरून गेलं.

त्या व्हरांड्यात आणि आतल्या बैठकीत बाईंची झाडं होती. गेरू लावलेले डालड्याचे डबे, सिमेंटच्या कुंड्या, कान तुटलेल्या चिनी मातीच्या बरण्या. तीसेक तरी असतील. क्रोटन, मनीप्लांट, शतावरीचे वेल, पानफुटी, दोन झुबकेदार फर्न. आणि जाळीच्या सावलीत, सगळ्यांच्या मधोमध, ठिपक्यांचा बिगोनिया. पानावर चांदीचे ठिपके, पान उलटवलं की खाली डाळिंबासारखा गडद लाल रंग, आणि वरून लोंबणारे गुलाबी फुलांचे घोस. बोथमध्ये तसं झाड दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाई कुणालाही त्याची फांदी देत नसत.

आम्ही आलो त्या हिवाळ्यात बाईंनी त्या बिगोनियाची छाटणी केली. एक फांदी मागच्या अंगणात पडली होती. माय भांडी घासत होती. तिनं ती उचलली, हात पदराला पुसला आणि विचारलं, "बाई, हा तुकडा नेऊ का? डब्यात लावतो."

बाईंनी पुढं येऊन तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला. आवाज चढवला नाही, रागही नव्हता. लहान मुलाला समजावावं तसं त्या म्हणाल्या, "तुझ्यानं नाही जगायचं ते. तुमचा हात निंदनाचा. उपटाचा हात हाय तो, लावाचा नाही." आणि फांदी भिंतीपलीकडच्या उकिरड्यावर टाकली. गल्लीतल्या शेळीनं ती खाल्ली. मी दारात उभी होते, मी पाहिलं.

 रात्रीची भाकर थापताना हात थांबवून माय एवढंच म्हणाली, "तिच्या वावरात सात साल सरकी कोणं टोबली मंग?"

बस. त्यावर ती पुन्हा बोलली नाही. मी मात्र रोज बोलत होते, मनातल्या मनात. टाइप करताना, पंपावर पाणी भरताना, जेवताना. बाईंना काय काय ऐकवायचं याची माझी तयारी इतकी झाली होती, की झोपेतून उठवलं असतं तरी सगळं एका दमात म्हणून दाखवलं असतं. पण भाड्यानं राहणारं माणूस काय बोलणार. मी वाट पाहत राहिले.

चैत्र संपत आला आणि बाईंच्या नागपूरच्या मुलीचं बाळंतपण निघालं. पोर अशक्त होती, दीड-दोन महिने तिकडेच राहावं लागणार होतं. घरकाम करणारी बाईही त्या सोबत नेणार होत्या. जायच्या दिवशी त्यांनी मला मागच्या दारी बोलावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"नंदा, तू सरकारी माणूस. तुझ्यावर भरवसा हाय माझा. झाडाइले सकाळ-संध्याकाळ पाणी घाल. पण तूच घाल. मायले हात लावू देऊ नको."

मी "हो" म्हटलं. किल्ली लोखंडाची, जड होती. ती मुठीत घेतली तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला आजही लाज वाटत नाही. मला वाटलं, बाई सापडली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आणि संध्याकाळी पुढचं दार उघडायला लागले. शेजाऱ्यांना कडीचा आवाज जावा, बादली दिसावी, एवढी काळजी घेत होते. बादली आत नेऊन तशीच परत आणायची आणि पाणी मागच्या कडुलिंबाला ओतायचं. मग परत येऊन बाईंच्या लाकडी खुर्चीत बसायचं आणि झाडं बघायची.

असं निवांत मी आयुष्यात आधी काही पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मातीनं डब्याचा काठ सोडला, मधे बोटभर फट पडली. तिसऱ्या दिवशी डब्यावर टिचकी मारली तर रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. क्रोटनची पानं खाली झुकली. बिगोनियाचे गुलाबी घोस फरशीवर गळून पडले, मी ते उचलले नाहीत. पाचव्या दिवशी फर्नचं पान चिमटीत धरलं तर भाजलेल्या पापडासारखं चुरलं. तो चुरा मी बोटांवर घोळवला. बाहेर लू सुटली होती, जाळीतून धूळ आत येत होती, आणि मी त्या खुर्चीत बसून सुखात होते. बाई परत येतील, दार उघडतील, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग कसा उतरेल, हे मी मनात इतक्या वेळा पाहिलं की तो रंग मला पाठ झाला.

सहाव्या दिवशी माय मागून आली. मी आत गेले की लवकर येत नाही, हे तिच्या लक्षात आलं असावं. ती उंबऱ्याबाहेर थांबली. तिथूनच तिनं सगळं पाहिलं.

"किती दिस झाले?"

"सहा."

मला वाटलं, ती रागावेल. मुक्या झाडांचा काय दोष, असं काही म्हणेल. त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण ती तसं बोलली नाही. तिनं विचारलं, "हे सारे मेल्यावर बाई काय म्हणील?"

"काय म्हणेल? रडेल."

"नाई. ते म्हणील, म्या म्हटलंच होतं. यायच्या हातचं जगत नाही." माय माझ्याकडे पाहत होती. "तू काऊन तिले खरं करून राह्यली?"

 सहा दिवस मी जी तोंडं मनात रंगवली होती, त्यातल्या एकाही तोंडातून हे वाक्य निघालेलं मी ऐकलं नव्हतं.

मग मायनं उंबरा ओलांडला. त्या व्हरांड्यात तिचा पाय पहिल्यांदाच पडत होता. ती एकेका डब्यापाशी बसली आणि मातीत बोट खुपसून पाहत गेली. "हे गेलं," फर्नपाशी म्हणाली. दुसऱ्या फर्नपाशीही तेच. बाकीच्यांपाशी काही म्हणाली नाही. मी घाईनं बादली भरून आणली तर तिनं माझा हात धरला. "वरतून नको ओतू. वाळली माती पाणी पेत नाही, सोडून देते. घमेलं आण."

घमेल्यात चार बोटं पाणी घेऊन तिनं एकेक डबा त्यात उभा केला. मातीतून बुडबुडे निघाले, बारीक फुटफुट असा आवाज. मग हळूहळू वरची माती काळी झाली आणि वास आला. आम्ही दोघी फरशीवर बसून तो आवाज ऐकत होतो. सगळे डबे होईस्तोवर दुपार टळली. मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही.

त्या दिवसापासून आमचा सूड बदलला, एवढंच. संपला नाही. आता या बाईची झाडं आम्हाला अशी वाढवायची होती, की तिनं स्वतः कधी वाढवली नसतील.

मे महिन्यात पंपाचं पाणी बारीक झालं. मी पहाटे उठून गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून कळशा आणायचे. माय तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, चहाचा चोथा काही वाया जाऊ देत नसे. शेळीच्या लेंड्या भिजवून त्याचं पाणी घालायची. तीच शेळी, बिगोनिया खाणारी. मला हसू यायचं, मायला नाही. जाळीवर तिनं बारदाने बांधले. आणि रोज ऑफिसला जाण्याआधी एक काम मला दिलं, पानं पुसायचं. हमरस्त्यावरच्या ट्रकची धूळ आणि लूची धूळ मिळून पानांवर पिठासारखा थर बसायचा. ओलं फडकं घ्यायचं, एका हाताचा तळवा पानाखाली धरायचा आणि वरून अलगद फडकं ओढायचं. जोर केला तर पान तुटतं. मन दुसरीकडे असलं तरीही तुटतं.

पहिले काही दिवस मी पानं पुसताना बाईंशी भांडत होते. नेहमीचंच, पाठ केलेलं. मग एक दिवस बिगोनियाचं पान तळव्यावर होतं आणि माझ्या ध्यानात आलं की ते गार आहे. बाहेरची कडी हातात धरवत नव्हती, ऑफिसात टाइपरायटरच्या कळा तापायच्या, अंगावरचं लुगडंसुद्धा ऊन लागायचं, आणि हे एवढंसं पान गार. मी ते गालाला लावून पाहिलं. खालच्या बाजूला बारीक लव होती, मांजरीच्या कानासारखी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. नंतर आठवलं की इतक्या वेळात मी बाईंना एकही शब्द ऐकवला नव्हता.

तसं मग रोज व्हायला लागलं. पाव तास, कधी अर्धा तास. फडकं, पाणी, पान. माझा श्वास मला ऐकू यायचा. क्रोटनचं पान जाड आणि चिवट, मनीप्लांटचं मेणासारखं, पानफुटीचं भरलेलं, दाबलं तर कचकन मोडेलसं. डोळे मिटूनही मला कोणतं झाड ते सांगता यायला लागलं. मग पुढचं दार बंद करून कुलूप लावलं की राग परत यायचा, चपला बाहेर काढून ठेवाव्या आणि जाताना घालाव्या तसा. मला त्याचं आश्चर्य वाटायचं. दोन्ही एका माणसात कसं मावतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मावतं मात्र.

याच दिवसांत मायनं बिगोनियाच्या शेंड्यांचे तुकडे काढले. मला विचारलं नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून ते तुकडे तिनं आमच्या खोलीत माठाच्या तिवईखाली ठेवले. तिथं माठ पाझरायचा, गारवा असायचा. पंधरा-वीस दिवसांत बाटलीच्या काचेतून पांढरी, दोऱ्यासारखी मुळं दिसायला लागली. अकरा तुकडे, अकराही लागले.

"कोणाले देशील एवढे?" मी विचारलं.

"साऱ्या गल्लीले," माय म्हणाली.

पहिला डबा समोरच्या लक्ष्मी टीचरना दिला. त्या तेलुगू शाळेत शिकवायच्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. मग बांगड्यावालीला, मग कंपाउंडरच्या घरी. कुठून आणला, हे माय सांगत नसे. "मी लावला हाय," एवढंच सांगायची.

मृगाच्या तोंडावर बाई परत आल्या. रिक्षा दारात थांबली तेव्हा मी व्हरांड्यातच होते. त्या पायरी चढल्या आणि थांबल्या. मनीप्लांट जाळीवर चढून छताला लागला होता, क्रोटनला पानावर पान आलं होतं, आणि बिगोनिया, आम्ही एवढे शेंडे खुडूनही, दुप्पट झाला होता आणि घोसांनी लगडला होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. दीड महिना मी याच क्षणासाठी कळशा वाहिल्या होत्या.

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "दोन फर्न कुठं हाय?"

"ते माझ्या हातानं मेले," मी म्हटलं. "बाकीचे मायनं जगवले."

"मायले हात लावू देऊ नको म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कामवालीकडून सगळा व्हरांडा धुवून घेतला. मग एकेक कुंडी बाहेरून धुवून घेतली, आणि वर गोमूत्र शिंपडलं. माय मागच्या दारात उभी राहून पाहत होती. पानांवरचे थेंब गळेपर्यंत ती उभी होती. मग आत आली आणि म्हणाली, "खोली पाह्य दुसरी."

महिनाभरात आम्ही दोन गल्ल्या पलीकडे गेलो. बाटल्या आणि डबे मी रिक्षात मांडीवर घेऊन गेले.

त्या पावसाळ्यात बाईंचा बिगोनिया सडला. पाणी जास्त झालं असेल, नाही तर आणखी काही. लक्ष्मी टीचरनी सांगितलं तेव्हा मी ऑफिसातून घरी जात होते. मी वळून बाजारात गेले आणि जिलबी घेतली. मायनं विचारलं, कशाची? मी म्हटलं, अशीच. तिनं माझ्याकडे जरा पाहिलं आणि एक जिलबी उचलून खाल्ली.

बाईंना आपल्यासारखं झाड लक्ष्मी टीचरच्या खिडकीत दिसलं ते दिवाळीनंतर. कुणी दिलं म्हणून विचारलं तर टीचर सरळ म्हणाल्या, "नंदा की अम्मा ने दिया. बहुत अच्छा हाथ है उनका." आमच्यात आणि बाईंत काय झालं ते टीचरना माहीत नव्हतं. त्यांनी मला हे हसत हसत सांगितलं, आणि मी रस्त्यात उभी राहून त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं.

दोन दिवसांनी बाईंची कामवाली आली, फांदी मागायला. माय म्हणाली, "ज्याले पाह्यजे त्यानं यावं."

आठ दिवस कुणी आलं नाही. मग एका रविवारी बाई स्वतः आल्या. दारात उभ्या राहिल्या. आमच्या ओट्यावर सहा डबे होते, सहाही फुललेले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"हा माझ्या घरचाच ना?"

"हो," माय म्हणाली. "तुमी नागपूरले होत्या तवा मी तोडून आणला."

मला वाटलं, आता चोरी काढतील. पण बाई म्हणाल्या, "माझा गेला." आवाज खाली गेला होता. वर्षभर त्यांचा आवाज असा खाली जावा म्हणून मी काय काय केलं होतं, आणि तो गेला तेव्हा त्या किती म्हाताऱ्या आहेत एवढंच मला दिसलं. तरी मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला लिहू.

"देतो," माय म्हणाली. "पण असा हातात नाही देत. तुमच्या घरी येऊन मीच लावून देतो."

 रस्त्यानं एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार विरला. मग बाई म्हणाल्या, "कधी येशील?"

"उद्या. सकाळी, लोक उठल्यावर."

दुसऱ्या दिवशी मायनं पांढरं लुगडं नेसलं, चौदा एप्रिलला, जयंतीला नेसायची ते. मी डबा घेतला. आम्ही पुढच्या दारानं गेलो. माय व्हरांड्याच्या मधोमध फतकल मारून बसली, आणि माती मागितली, शेणखत मागितलं, पाणी मागितलं. कामवाली आली नव्हती, की येऊ दिली नव्हती, ठाऊक नाही. सगळं बाईंनीच आणून दिलं. मायनं माती चाळली, खडे निवडले, मूठ मूठ करून कुंडी भरली. एवढ्याशा रोपाला तिनं पाऊण तास लावला. समोर लक्ष्मी टीचर दारात येऊन उभ्या राहिल्या, बांगड्यावाली आली, पंपावरच्या बायका भरलेल्या कळशा खाली ठेवून थांबल्या. मायनं कुणाकडे पाहिलं नाही. शेवटी दोन्ही अंगठ्यांनी बुंध्याभोवती माती दाबली आणि म्हणाली, "आठ दिस हालवू नका. पाणी कमी द्या."

बाई म्हणाल्या, "बरं." आणि तांब्या वाकडा करून तिच्या हातावर पाणी घातलं.

परत येताना मी तिच्या बाजूनं चालत होते. माझा ऊर इतका भरला होता की मला पळत सुटावंसं वाटत होतं. मायचं पाऊल नेहमीसारखंच पडत होतं. गल्ली ओलांडल्यावर मला राहवलं नाही.

"माय, भरलं का मन?"

तिनं नखातली माती काढत जरा विचार केला.

"नाई," ती म्हणाली. "त्या गल्लीतले अजून दोन-तीन घरं राह्यले."